मालकाच्या मर्जीपलीकडचा पहारा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर खातेदारांच्या फाइलींना परवानग्या लावलेल्या आहेत. सर्व्हर बसवून देणाऱ्याने एसई-लिनक्स (लिनक्समधील जादा सुरक्षा-यंत्रणा) बंद ठेवले, लेखापरीक्षक मात्र ते चालू करा म्हणतात. या दुसऱ्या पहाऱ्याची गरज काय?

उत्तर : लेखापरीक्षकांचे म्हणणे रास्त आहे. नेहमीच्या परवानग्या फाइलमालकाच्या मर्जीवर चालतात, आणि मालकाने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला मालकाचेच अधिकार मिळतात. त्यामुळे ई-मेलमधून आलेल्या एखाद्या फसव्या प्रोग्रामने खातेदारांची यादी सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये उतरवली, तरी यंत्रणेच्या लेखी ते काम खुद्द मालकानेच केलेले असते.

एसई-लिनक्स ज्या तत्त्वावर चालते त्या सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणात ही मर्जीच काढून घेतलेली असते. डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाड्युला यांनी १९७३ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी मांडलेल्या प्रारूपात दोन मुख्य नियम होते : आपल्या गोपनीयतेच्या दर्जाहून वरची माहिती वाचता येऊ नये आणि खालच्या दर्जाच्या फाइलीत काही लिहिता येऊ नये. दुसरा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो, कारण त्याने बंधन पडते ते वरिष्ठावर. परंतु वरिष्ठाच्या नावाने चालणारा फसवा प्रोग्राम गुपित खाली उतरवू शकत नाही तो याच नियमामुळे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुले केलेले एसई-लिनक्स दर्जापेक्षा कामावर अधिक भर देते. प्रत्येक फाइलीला आणि चालू प्रोग्रामला त्याचा प्रकार सांगणारे लेबल असते, आणि वेब सर्व्हरने केवळ संकेतस्थळाच्याच फाइली वाचाव्यात असे धोरणात, म्हणजे यंत्रणेला घालून दिलेल्या नियमांत, असेल, तर त्यात घुसखोर शिरला तरी खातेवहीपर्यंत पोहोचणे त्याला फार अवघड जाते. आधी नेहमीची परवानगी तपासली जाते, मग धोरण. दोन्हींचा होकार लागतो. (अँड्रॉइड ५.० पासून फोनमध्येही हाच पहारा पूर्णपणे लागू आहे.) अर्थात, अधिकृत कर्मचाऱ्याने पडद्याचा फोटो काढला तर तो यातून अडत नाही.

अडचणी येतात त्या बहुधा लेबलांमुळे. एका जागेवरून दुसरीकडे हलवलेली फाइल जुनेच लेबल घेऊन जाते आणि वेब सर्व्हरला ती नाकारली जाते. ‘रिस्टोरकॉन’ ही आज्ञा दिली की नव्या जागेसाठी धोरणात ठरलेले लेबल लागते. आपण प्रथम ‘परमिसिव्ह’ स्थिती निवडावी. तीत धोरण काहीही अडवत नाही, केवळ नोंद होते. पूर्ण बंद ठेवलेल्या सर्व्हरवर आधी सर्व फाइलींना नव्याने लेबले लावावी लागतात, म्हणून हे काम सुटीच्या दिवशी करावे, आणि महिनाअखेरीचे व्यवहार एकदा पार पडून नोंदी तपासून झाल्यावरच सक्ती लागू करावी.