जुन्या एसीला स्मार्ट प्लग लावला तर बिल कमी येईल का?

प्रश्न: आमच्याकडे दीड टनाचा जुना स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नाही. मुलाने स्मार्ट प्लग (फोनवरून बंद-चालू होणारा प्लग) आणलाय, म्हणतो दर २० मिनिटांनी आपोआप बंद-चालू होईल असं लावू, बिल निम्म्यावर येईल. लावावा का? आणि दुसरं, पावसाळ्यात २४ वर ठेवला तरी खोलीत चिकचिक वाटते, ते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: प्लग लावू नका. मुलाची कल्पना चुकीच्या जागी लागतेय एवढंच, आधी कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं ऐका. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचं प्रेशर खूप जास्त असतं आणि दुसऱ्या बाजूला कमी, बंद केल्यावर ते बारीक कॅपिलरी नळीतून हळूहळू सारखं होतं, त्याला साधारण ३ मिनिटं जातात. २० मिनिटांच्या टायमरवर एवढा वेळ मिळेल, पण मध्येच लाइट गेली-आली किंवा फोनवरून प्लग बंद-चालू केला आणि त्याआधी परत करंट मिळाला तर मोटर त्या प्रेशरविरुद्ध फिरूच शकत नाही, करंट कित्येक पट ओढते, ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) ट्रिप होतो, आणि हे रोज झालं तर मोटरचं वाइंडिंग जळू शकतं. एसीच्या बोर्डात यासाठी डिले असतो खरा, पण जुन्या मशिनमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय ज्या एसीत ऑटो रिस्टार्ट (करंट परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय) नाही तो प्लग ऑन झाला तरी चालू होणारच नाही. फोनवरून चालवायचाच असेल तर रिमोटसारखा सिग्नल देणारा स्मार्ट रिमोट घ्या, म्हणजे बंद-चालू बोर्डामार्फतच होतं.

आता बिल. तुमचा कॉम्प्रेसर एक तर फुल चालतो नाहीतर बंद असतो, आणि हे बंद-चालू खोलीचं तापमान बघून थर्मोस्टॅट आधीपासून करतोच आहे! २० मिनिटं बंद ठेवलात की भिंतीतून, काचेतून उष्णता आत येणार आणि नंतर तीच बाहेर काढायला तो जास्त वेळ चालणार. थोडं वाचेल ते खोली सरासरी जास्त गरम राहिली म्हणून, मग त्यापेक्षा सरळ २६ वर ठेवून पंखा लावा ना.

खरी बचत इन्व्हर्टर एसीमध्ये आहे. रात्री उष्णता कमी असते तेव्हा तो कॉम्प्रेसर हळू फिरवतो, गॅस कमी वाहतो पण आतली आणि बाहेरची कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांचं जाळं) तेवढीच मोठी राहते, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रेशरमधला फरक कमी होतो आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकायला वीज कमी लागते. हे काम कुठलंही ॲप करू शकत नाही. नवा घ्याल तेव्हा बीईईच्या (सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) स्टार लेबलवरचा आयएसईईआर, म्हणजे एसी किती कमी विजेत थंड करतो तो आकडा बघा, जास्त तो चांगला, वायफाय आहे की नाही हे नंतर.

चिकचिकीबद्दल. एसीचं एक मोठं काम हवेतलं पाणी काढायचं आहे, १९०२ मध्ये अमेरिकन इंजिनिअर विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली तीच मुळी दमटपणासाठी, कारण दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते. पावसाळ्यात बाहेर २८-२९ च असतं, खोली पटकन २४ ला येते, कॉम्प्रेसर बंद होतो, पण आतला पंखा फिरतच राहतो आणि कॉइलच्या पत्र्यांवर साठलेलं पाणी परत खोलीत उडवतो. आकडा २४ दिसतो पण हवा ओलीच. म्हणून पावसाळ्यात ड्राय मोड लावा, त्यात पंखा हळू राहतो, कॉइल थंडगार राहते आणि पाणी नळीतून बाहेर जातं. खिडकी मात्र घट्ट बंद, फट राहिली तर बाहेरचा ओलावा येतच राहील. खोली लहान आणि एसी दीड टनाचा असेल तर हा त्रास जास्त होतो, आपल्याकडे मोठा एसी घ्यायची हौस असते पण दमट गावात तो उलट त्रासदायक ठरतो.

एक गोष्ट आजच बघा, आउटडोअर युनिट कुठे बसवलंय? बंद ग्रिलमध्ये असेल, समोर कपडे वाळत असतील, तर तीच गरम हवा परत ओढली जाते आणि कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. समोरची जागा मोकळी करा, आतला फिल्टर दर १५ दिवसांनी धुवा.