सँडलचा पट्टा

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा साडेतीन वर्षांचा. बालवाडीत चार महिने झाले तरी अजून पेन्सिल धरत नाही. शेजारचा मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, त्याची एबीसीडी लिहून झाली. वर्षाच्या मध्येच शाळा बदलू का, असं त्या विचारतात.

बाई, पत्राच्या शेवटी कंसात तुम्ही एक ओळ टाकलीय: 'त्या टीचर रोज दारात उकिडव्या बसतात आणि मूल आपल्या सँडलचा पट्टा स्वतः सोडवेपर्यंत थांबतात, त्यात मला ऑफिसला उशीर होतो.'

अहो, अशी टीचर मिळायला नशीब लागतं! समोर पोरांची रांग, मागे घड्याळ बघणारे पालक, आणि ही बाई हात मांडीवर ठेवून बसलेली. पट्टा खसकन ओढायला तिला कितीसा वेळ लागणार? ती ओढत नाही. लहान मुलांत काम करणाऱ्याला गाणी येतात का, चित्रं येतात का, हे मी नंतर विचारते. त्याला आपले हात आवरता येतात का, हे आधी बघते. आणि उकिडवं बसायचं, ते मुलाला मान वर करून बोलावं लागू नये म्हणून. गुडघे दुखत असतील हो तिचे.

राहिली पेन्सिल. पट्टा सोडवताना अंगठा आणि बोट ज्या चिमटीत येतात, त्याच चिमटीत उद्या पेन्सिल बसणार आहे. या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. माँटेसरीच्या साहित्यात बटणांच्या आणि नाड्यांच्या चौकटी असतात, त्या काय शोभेला? १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढायला डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. तिथेही अक्षरांच्या आधी आंघोळ होती, नखं होती, केस विंचरणं होतं.

शाळा बदलायची नाही. उद्या घरातून दहा मिनिटं लवकर निघा. दारात त्या टीचरशेजारी बसा, पट्टा सुटेपर्यंत फोन पर्समध्ये राहू दे.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याचे सँडल कोण काढतं, तेवढं मला कळवा.