बडोद्यातले सगळे ‘ने’

प्रिय बाळा,

तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे प्रागमध्ये लिहायला बसले. बडोद्याच्या दांडिया बाजारात आजीच्या घरी तू ‘दादाने पुस्तक दिलं’ म्हणतेस, तेव्हा देणारा दादा असतो. खाली खेळायला येणारी मैत्रीण ‘दादाने चोपडी आपी’ म्हणते, तेव्हा मात्र पुस्तक दादाला मिळालेलं असतं. ‘ने’ एकच, मग अर्थ उलटा कसा, असं तू विचारलंस.

आधी दादाचं बघू. तुझा दादा म्हणजे मोठा भाऊ, तिचे दादा म्हणजे आजोबा. आता ‘ने’. तो ऐकायला एक असला तरी दोन्ही भाषांत वेगळ्या घरातून आलेला आहे. मराठीतला ‘ने’ काम करणाऱ्याला किंवा साधनाला लागतो: आईने सांगितलं, चमच्याने खा, बसने जा. शाळेत पाठ करतात ती ‘ने, ए, शी’ची तृतीया हीच. गुजरातीत ‘ने’चं काम आपल्या ‘ला’चं आहे. ‘मने आप’ म्हणजे मला दे. ‘राजुने भूख लागी छे’ म्हणजे राजूला भूक लागली आहे. ‘में राजुने जोयो’ म्हणजे मी राजूला पाहिलं. मग काम करणाऱ्याला गुजराती काय लावते? नुसता ‘ए’. ‘मम्मीए कह्युं’ म्हणजे मम्मीने सांगितलं, ‘मम्मीने कह्युं’ म्हणजे मम्मीला सांगितलं. ही जोडी पाठच करून टाक. चूक बहुतेक वेळा इथेच होते. ‘मम्मीने कहे’ ऐकून मूल घरी ‘मम्मीने सांग’ म्हणतं, आणि त्या वाक्याला मराठीत अर्थच उरत नाही. म्हणायचं असतं ‘मम्मीला सांग’.

गुजरातीत आणखी दोन ‘ने’ आहेत, पण ते जागेवरून लगेच ओळखू येतात. दोन नावांच्या मधे आला तर तो ‘आणि’: ‘हुं ने तुं’, मी आणि तू. हा ‘अने’चा आखूड झालेला ‘ने’. ‘अने’ आणि आपला ‘आणि’ या दोघांचंही मूळ संस्कृत ‘अन्य’कडे नेतात, म्हणजे इथे दोन्ही भाषा खरोखर एका घरच्या. आपणही घाईत ‘आई नि बाबा’ म्हणतोच. वाक्याच्या अगदी शेवटी आला तर तो आपला ‘ना’: ‘तुं आवीश ने?’, तू येशील ना?

नावाला चिकटलेला गुजराती ‘ने’ आला कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेस्सितोरी नावाच्या इटालियन विद्वानाने जुन्या पश्चिमी राजस्थानीचं, म्हणजे गुजराती जिच्यातून निघाली त्या भाषेचं, व्याकरण लिहिलं (ते 1914 ते 1916 या काळात छापून आलं). त्याने हा ‘ने’ ‘कन्हइं’ या जुन्या शब्दाचा उरलेला तुकडा मानला, आणि ‘कन्हइं’ संस्कृत ‘कर्ण’ म्हणजे कानापासून काढला. कानाशी, म्हणजे जवळ, म्हणजे त्याच्याकडे, असा अर्थ सरकत गेला. मला हे पटतं, कारण ‘कने’ म्हणजे ‘जवळ, पाशी’ हा शब्द गुजरातीत अजून जिवंत आहे.

मराठी ‘ने’ वापरताना कुठे अडतं तेही सांगते. एक तर तो कर्त्याला नेहमी लागत नाही. ‘राम आंबा खातो’ यात नाही. काम होऊन गेलं आणि ते कशावर तरी झालं असेल, तेव्हा लागतो, आणि मग क्रियापद रामाकडे न बघता त्या वस्तूकडे बघतं: रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली. बोलणं, विसरणं, शिकणं ही क्रियापदं यातून सुटली आहेत: राम विसरला, राम गुजराती शिकला. ‘रामाने जावं’ यात मात्र काही होऊन गेलेलं नसतानाही लागतो. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना कर्ता असताना ‘ने’ लागत नाही. हिंदीतल्या ‘मैंने’वरून ‘मीने’ करायचं नाही.

आणि आजीने तुला ‘आजोबाने’वरून टोकलं, ते बरोबरच केलं. आपण ज्यांना ‘अहो’ म्हणतो, त्यांच्या नावाला अनेकवचनाचा ‘नी’ लावतो, आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार येतो: आजोबांनी, बाबांनी, सरांनी. जिला ‘अगं’ म्हणतो तिला ‘ने’: आईने, आजीने. शेजारच्या काकूंना तू ‘अहो काकू’ म्हणत असशील, तर ‘काकूंनी’. एवढ्याशा अनुस्वारात मान असतो, तो गिळू नकोस.

इथे प्रागमध्ये शाळेत रोज ऐकतेस तो चेक भाषेतला ‘ने’ म्हणजे ‘नाही’. तो परका वाटतो, पण संस्कृतातल्या ‘न’चा तो लांबचा भाऊ आहे, आणि तोच ‘न’ आपल्या ‘नाही’त, ‘नको’त बसलेला आहे. ‘जाणता’च्या उलट ‘नेणता’ म्हणतात, त्यातही तोच. ग्रीक लोक मात्र ‘ने’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘हो’ म्हणायचं असतं! जपानी वाक्याच्या शेवटचा ‘ने’ थेट ‘तुं आवीश ने?’सारखा वागतो, पण नातं काहीच नाही, तो निव्वळ योगायोग. आणि मराठीत एक ‘ने’ चक्क क्रियापद आहे, ‘नेणे’चा हुकूम. ‘आजीने डबा ने म्हटलं’ यात दोन्ही सापडतील.

एक काम देते. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी जुन्या मराठीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असं कोरलेलं आहे: चावुंडराजाने करवून घेतलं. त्यात ‘ने’ नाही, नुसता ‘एं’ आहे. संस्कृत ‘देवेन’मधल्या ‘एन’शी आपल्या ‘ने’चं नातं मानतात, आणि हा ‘एं’ त्या वाटेवरचा. पुढे ‘नें’ रूढ झाला तरी डोक्यावरचा अनुस्वार लिहिण्यात राहिला. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो काढला, कारण बोलताना तो उच्चारला जात नव्हता. आजोबांच्या कपाटातलं त्याआधी छापलेलं एखादं मराठी पुस्तक मागून घे, ‘त्यानें’, ‘रामानें’ असं कुठे आहे ते शोध, आणि त्या पानाचा फोटो पाठव.

तुझी,
आई