जेट्टीवर पहिला वॉक नेणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

खूप आशीर्वाद. नवी मुंबईत नेरूळच्या सारसोळे जेट्टीवर वीस माणसांना ठाण्याची खाडी दाखवायची जबाबदारी तू घेतलीस, फार बरं वाटलं. तुझी यादीही वाचली. दीड तासात चौदा थांबे! ती यादी घरीच ठेव. थांबे तीनच कर आणि प्रत्येक ठिकाणी लोक चुळबुळ करायला लागतील इतका वेळ उभी राहा.

चिखल लगेच उघडत नाही गं. वीस जणांची पावलं काठाशी आली की वरचं सगळं बिळात जातं, आणि लोकांना दिसतो नुसता काळा राडा. बहुतेक वॉक इथेच पुढे सरकतात. तू सरकू नकोस. बोलणं बंद ठेव, हात खाली, मोबाइल खिशात. चार-पाच मिनिटांत पहिला खेकडा बिळाच्या तोंडाशी येतो, मग त्याच्या शेजारचा, मग एकदम सगळे. नराचा एक नांगा अंगाएवढा मोठा, तो वर-खाली हलवून मादीला बोलावतो. खाणं मात्र दुसऱ्या, छोट्या नांग्यानेच: चिखल उचलायचा, तोंडात घालायचा, त्यातलं खाण्याजोगं घेऊन उरलेल्याची गोळी बाजूला टाकायची. मादीचे दोन्ही नांगे लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. हे तू सांगण्याआधी एखादं पोरच ओरडून सांगेल. सांगू दे.

निवट्यांसाठी, म्हणजे चिखलावर चालणाऱ्या त्या माशांसाठीही, असंच थांबायचं. आपल्याकडे निवटी म्हटलं की कालवण आठवतं, पण जिवंत निवटी नीट पाहिलेली माणसं कमी. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चालणं, आणि मधूनच डोळे खोबणीत ओढून ओले करून घेणं. डोकं डावी-उजवीकडे हलवत ती ओल्या चिखलावरचं बारीक शेवाळ खरवडते. दुर्बीण असेल तर तिच्या मागे उमटलेल्या खुणाही दिसतात. मासा असून ती पाण्याबाहेर तग धरते, कारण ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते. म्हणून कोरडं पडायला लागलं की ती चिखलात कूस बदलते.

वेळ साधण्यासाठी तिथी बघ. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा हिशेब कोळीवाड्यात कुणीही सांगेल. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमी-नवमीला सकाळी बोलावलंस तर पाणी ऐन भरतीचं असेल आणि चिखल दिसणारच नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. उधाणाचं पाणी मागेही लांब जातं. हिशेब ढोबळ आहे, खाडीत आत जावं तसं पाणी थोडं उशिराने फिरतं, तेव्हा तारीख ठरवताना भरती-ओहोटीचं कोष्टकही बघच. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी लोकांना उभं कर. पाणी फिरल्यावर पहिला तास हळू चढतं, मग वेग घेतं.

चिखलात कुणालाही उतरू देऊ नकोस, फोटोसाठी तर नाहीच. पाय मांडीपर्यंत जातो, आणि दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. त्याच दगडांवर पांढरे खडबडीत ठिपके दिसतील, ते बार्नेकल. शिंपल्यांचे वाटले तरी नात्याने खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद. डोक्याने दगडाला चिकटलेले, पाणी आलं की पाय बाहेर काढून खाणं ओढून घेणारे. ते खरवडून कुणाच्या हातात देऊ नकोस.

नाकाला रुमाल लावणारे भेटतीलच. त्यांना खरं ते सांग. सडक्या अंड्यासारखा वास खाजणातल्या चिखलाचा स्वतःचा आहे. खाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू तो वायू तयार करतात. हवा नाही म्हणूनच तिवराची, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडाची, मुळं पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात. तिवराचं पान उलटसुलट करून बघायला लाव, मिठाचे कण दिसतात. पण शहराचं सांडपाणीही याच खाडीत येतं, तेही लपवू नकोस. वास म्हणजे निसर्ग असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

फ्लेमिंगो कुठे, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येणार. ते ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात आणि भरतीला नेरूळच्या पाणथळ जागांकडे येतात, त्यामुळे तुझ्या वेळेला लांब गुलाबी रेघ दिसली तर दिसली. २०१५ मध्ये खाडीचा भाग त्यांच्या नावाने अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला, हे एका वाक्यात सांग आणि नजर पुन्हा खाली आण. ती रेघ याच चिखलाच्या जिवावर इथे येते.

आणि एक. जेट्टीवर जाळी विणत बसलेल्या काकांना, टोपली घेऊन आलेल्या मावशींना आदल्या दिवशी भेटून ये. त्यांच्या दारात आपण पाहुणे आहोत. चिंबोरीचं बीळ आणि निवटीचं बीळ त्या लांबून वेगळं ओळखतात. बोलायला तयार असल्या तर तिसरा थांबा त्यांच्याकडे सोपव आणि तू मागे लोकांत जाऊन उभी राहा. मानधन द्यायचं ते आधी ठरव, नंतर हातात नोट कोंबू नकोस.

माझी जुनी दुर्बीण घेऊन जा. दोन असल्या की पोरांची भांडणं कमी होतात. तिथी ठरली की कळव, मीही येते.

तुझी,
ताई