त्यांना मीटिंगला बोलवायचं की नाही?

या वेळी निअरशोअर टीमबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत. निअरशोअर म्हणजे कंपनीच्या जवळच्या देशात बसून, जवळपास त्याच घड्याळावर काम करणारी, व्हेंडरमार्फत म्हणजे बाहेरच्या सेवा कंपनीमार्फत घेतलेली टीम. मी अशा टीमची डिलिव्हरी आधी व्हेंडरच्या बाजूने आणि नंतर क्लायंटच्या बाजूने सांभाळली आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून पहिलं उत्तर लांबलंय.

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअरिंगची प्रमुख आहे. भरती वेळेत होत नाही, म्हणून शेजारच्या देशातली नऊ जणांची टीम घ्यायचं घाटतंय. आमचे संस्थापक धास्तावलेत. म्हणतात, "इथलं वातावरण आपण इतकी वर्षं जपलं, बाहेरचे लोक आले की ते राहणार नाही." खर्चाचा हिशेब मी मांडू शकते, पण मॅडम, या भीतीला काय उत्तर देऊ?

उत्तर: त्यांची भीती खोडून काढायच्या मागे लागू नका. ती खरी आहे. त्यांना एवढंच विचारा, की हे जपलेलं वातावरण आहे कुठे? नवा माणूस जॉइन झाला की त्याला ते कोण सांगतं? बहुतेक कंपन्यांत उत्तर मिळतं, "राहता राहता कळतं." म्हणजे ते चार-पाच जुन्या लोकांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्यातले दोघं सोडून गेले की निम्मं त्यांच्याबरोबर जाणार.

बाहेरच्या टीमला असं राहता राहता काही कळत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक थॉमस अॅलन यांनी 1970च्या दशकात इंजिनिअर एकमेकांशी किती बोलतात याचा अभ्यास केला होता. टेबलांमधलं अंतर काही मीटरांनी वाढलं तरी बोलणं झपाट्याने कमी होतं, असं त्यांना दिसलं. मग दुसऱ्या देशातल्या माणसाच्या कानावर काय पडणार? त्याला विचारावंच लागतं, आणि त्याने विचारलं की तुम्हाला उत्तर शोधून लिहावं लागतं. माझ्या मते अशा टीममुळे कंपनीला होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि खर्चाच्या एक्सेल शीटमध्ये तो कधीच दिसत नाही.

मी पाहिलेली एक मीटिंग सांगते. एका क्लायंटची पेमेंटची सिस्टीम रात्री बराच वेळ बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय बिघडलं आणि का, हे तपासणारी मीटिंग. 'आम्ही कुणावर दोष ठेवत नाही' हे त्या कंपनीचं आवडतं वाक्य. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं होतं, 'टाइमआउट चुकीचा सेट झाला होता.' (टाइमआउट म्हणजे सिस्टीमने उत्तराची किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा.) सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तेवढ्यात कोलंबियातल्या बोगोटाहून जोडलेली एक टेस्टर बोलली. ती टीममध्ये नवीनच होती. तिने विचारलं, "हा टाइमआउट एवढा मोठा कोणी ठेवला, आणि का?" कोणी काही बोलेना. मग एका सीनियरने माइक सुरू केला. "मीच ठेवला होता. एका मोठ्या ग्राहकासाठी, तात्पुरता. तो ग्राहक आता आपल्याकडे नाही." तो टाइमआउट ज्या फाइलमध्ये होता तिला हात लावायचा नाही हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. का लावायचा नाही, हे त्या एका माणसाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तो सीनियर सगळ्यांसमोर 'मीच' म्हणाला आणि त्याला कुणी काही बोललं नाही. कंपनीचं ते आवडतं वाक्य पहिल्यांदा कामाला आलं. दुसरी म्हणजे कोड जिथे साठवतात त्या रेपॉझिटरीतच निर्णयांची नोंद ठेवायला सुरुवात झाली: काय ठरलं, कोणते पर्याय सोडले, का सोडले, पुन्हा कधी तपासायचं. नोंद एका पानाच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढाच नियम. पुढे या नोंदी सगळ्यात जास्त वाचल्या त्या कंपनीत नव्याने भरती झालेल्या लोकांनी.

आता यात 'जवळ' असण्याचा संबंध काय? ती टेस्टर मीटिंगमध्ये होती, म्हणून विचारू शकली. बोगोटाचं घड्याळ वर्षभर बदलत नाही. हिवाळ्यात ते न्यूयॉर्कच्या बरोबरीने चालतं आणि उन्हाळ्यात एक तास मागे. लंडन आणि वॉर्सा यांच्यातही एकाच तासाचा फरक. हीच टीम दहा तासांच्या अंतरावर असती, तर तिच्या हातात दुसऱ्या दिवशी मीटिंगचे मिनिट्स पडले असते, आणि मिनिट्स वाचून 'का' असं कुणी विचारत नाही. निर्णय होत असताना जो हजर असतो, त्यालाच त्याबद्दल बोलता येतं.

पण घड्याळ जवळचं आहे म्हणून सगळं आपोआप जमेल असं धरून चालू नका. मेक्सिकोने 2022 मध्ये देशाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत, बंद केली. त्यामुळे न्यूयॉर्क आणि मेक्सिको सिटी यांच्यात हिवाळ्यात एक तासाचा फरक असतो, उन्हाळ्यात दोन तासांचा. न्यूयॉर्कच्या नऊच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, मेक्सिकोतला माणूस उन्हाळ्यात सकाळी सातला बसलेला असतो. ही वेळ कोण बदलतं, की कुणाच्या ध्यानातच येत नाही, यावरून त्या टीमला तुमची कंपनी जेवढी कळते तेवढी वेलकम किटमधून कळत नाही.

कामाची वाटणी कशी करता, त्यावर बाकी सगळं ठरतं. संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी 1968 मध्ये मांडलं होतं की एखादी संस्था जी सिस्टीम उभारते, तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या संवादाचीच नक्कल उतरते. आतले लोक डिझाइन करणार आणि बाहेरचे उरलेली तिकिटं (नोंदवलेली सुटी कामं) बंद करणार, अशी वाटणी केलीत तर प्रॉडक्टमध्येही तीच भेग पडेल. त्यांना प्रॉडक्टचा एक पूर्ण भाग द्या, त्याचा बॅकलॉग (पुढच्या कामांची यादी) द्या, ऑन-कॉलही (बिघाड झाला की धावून जायची पाळी) द्या. कोड रिव्ह्यू, म्हणजे एकमेकांचा कोड तपासणं, दोन्ही दिशांनी होऊ दे. तुमच्या आर्किटेक्टचा पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) बाहेरच्या इंजिनिअरने अडवला आणि आर्किटेक्टने तो निमूट दुरुस्त केला, की बाकीच्यांना न सांगता समजतं इथे काय चालतं.

करारावर सही करण्याआधी व्हेंडरला त्यांच्या अॅट्रिशनचा, म्हणजे किती माणसं नोकरी सोडून जातात त्याचा, आकडा मागा. माणसं परस्पर बदलणार नाहीत, बदललीच तर आधी कळवतील आणि हँडओव्हरचा खर्च सोसतील, हे लिहून घ्या. दर तिमाहीला चेहरे बदलले तर मी वर लिहिलेलं काहीही घडणार नाही, आणि संस्थापकांचीच भीती खरी ठरेल.

त्यांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कंपनीत निर्णय खरोखर दोघा-तिघांतच बंद दाराआड होत असतील, तर बाहेरची टीम आल्यावर ते महिन्याभरात उघडं पडेल. मला हे चांगलंच वाटतं. त्यांना कसं वाटेल ते तुम्ही जास्त ओळखता.

प्रश्न: आमच्या लीगल विभागाचा आदेश आहे की व्हेंडरच्या लोकांना टाउन हॉलला (सगळ्या कंपनीच्या सभेला) बोलवायचं नाही, कंपनीच्या चॅटमध्ये घ्यायचं नाही, त्यांचं जाहीर कौतुकसुद्धा करायचं नाही. पुढे 'आम्ही तुमचेच कर्मचारी' असा दावा होईल म्हणे. हे खरं आहे का?

उत्तर: या धास्तीमागे एक मोठा खटला आहे. मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षं फ्रीलान्सर म्हणून राबवलेल्या लोकांना अमेरिकेच्या कर खात्याने कर्मचारी ठरवलं. त्यानंतर त्या लोकांनी 1992 मध्ये कंपनीवर दावा लावला आणि 2000 मध्ये 9 कोटी 70 लाख डॉलरची तडजोड झाली. तेव्हापासून अनेक कंपन्यांनी बाहेरच्या लोकांना हातभर लांब ठेवायला सुरुवात केली. पण तो वाद मुळात कशावरून होता हे पाहा. त्या लोकांच्या कामावर कंपनीचा ताबा होता, आणि कर्मचाऱ्यांना मिळणारी शेअर योजना मात्र त्यांना नाकारली होती. त्यांना सभेला बोलावलं म्हणून कुणी कोर्टात गेलं नव्हतं.

तुमच्याकडे माणसं ज्याच्या पगारपत्रकावर आहेत तो व्हेंडर वेगळा आहे. भरती, पगार, रजा, अप्रेझल, शिस्तीची कारवाई हे सगळं त्यानेच करायचं, तुमच्या मॅनेजरने त्यात बोटही घालायचं नाही. प्रॉडक्टची दिशा, निर्णयांमागची कारणं, ग्राहकांच्या तक्रारी आणि चांगल्या कामाची दाद यांचं नातं कामाशी आहे, आणि ते सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याची वाट बहुतेक वेळा निघते. देशादेशांत कायदे मात्र वेगळे आहेत. स्पेनमध्ये कामगार कायद्याच्या कलम 43 नुसार परवानाधारक तात्पुरत्या कामगार एजन्सी सोडून इतर कुणी नुसती माणसं पुरवणं बेकायदा ठरतं आणि त्या माणसांना तुमच्याकडे कायम होण्याचा हक्क मागता येतो. मेक्सिकोने 2021 मध्ये मनुष्यबळाच्या आउटसोर्सिंगवर बंदी आणून फक्त नोंदणीकृत विशेष सेवांना मुभा ठेवली. म्हणून तिथल्या वकिलाला प्रश्न नेमका विचारा. 'धोका आहे का?' विचारलंत तर तो 'आहे' म्हणणारच. 'रोडमॅपच्या (प्रॉडक्टच्या पुढच्या आखणीच्या) सभेला व्हेंडरची टीम बसवायची तर कशी बसवू?' असं विचारा.

प्रश्न: मी पलीकडच्या बाजूला आहे, व्हेंडरकडे डेव्हलपर. क्लायंटच्या एका मॉड्यूलचं जवळजवळ सगळं काम आम्ही केलं. रिलीजच्या मेलमध्ये आतल्या टीमची नावं होती, आमच्यासाठी 'आणि आमचे पार्टनर' एवढंच. आता नवीन काही सुचवावंसंच वाटत नाही. मी जास्त मनाला लावून घेतोय का?

उत्तर: नाही. श्रमाला नाव लागावं असं वाटणं अगदी रास्त आहे, आणि ज्यांनी ते गाळलं त्यांचंही यात नुकसान आहे. तुम्ही सुचवणं थांबवलंत हे त्यांना अजून कळलेलंही नसेल.

तुमच्या डिलिव्हरी मॅनेजरला हे सांगा. भावना दुखावल्या, असं मोघम सांगू नका. तो मेल दाखवा आणि पुढच्या रिलीजच्या चेकलिस्टमध्ये 'काम करणाऱ्या सगळ्यांची नावं' ही ओळ घालायला सांगा. बहुतेकदा हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. मेल लिहिणाऱ्यापाशी तुमच्या नावांची यादीच नसते, ती त्याच्याकडे आयती पोहोचली पाहिजे. क्लायंटच्या प्रॉडक्ट मॅनेजरशी तुमचं थेट बोलणं असेल, तर डेमो आपल्या टीमनेच द्यावा असं त्याला आताच सुचवा. ज्याने बांधलं त्याने दाखवावं, याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि दोन रिलीजनंतरही तेच चाललं, तर मॅनेजरकडे दुसरा प्रोजेक्ट मागा.