सेकंडहँड मझदा आरएक्स-८ घ्यावी का? रोटरी इंजिन टिकतं का?
टिकतं, पण लाड करून घेतं. आरएक्स-८ चं १.३ लिटरचं रेनेसिस इंजिन ऑइल पितं, तो बिघाड नव्हे. पिस्टनऐवजी यात तिकोनी रोटर फिरतो; त्याच्या टोकांवरच्या एपेक्स सीलना (दाब निसटू न देणाऱ्या पट्ट्यांना) वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दामच थोडं थोडं आत सोडलं जातं. त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिकने ऑइलची पातळी बघायचीच.

खरा जीव त्या सीलमध्ये. ते झिजले की कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) जातं आणि गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतं. म्हणून घेण्याआधी इंजिन गरम असताना, रोटरीसाठीच्या खास मीटरनेच कॉम्प्रेशन तपासा. साध्या गेजवर रोटरच्या तीन बाजू वेगवेगळ्या कळत नाहीत.

थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलंत तर स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल कुरकुर न करता बदला. मायलेजचं मात्र विचारू नका!