बरीच वर्षं पडून असलेली अकॉस्टिक गिटार घरी कशी साफ करावी? कोणतं पॉलिश लावावं?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं कपाटावर पडलेली गिटार खाली काढली, अंगावर चिकट धूळ आहे, फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, काळा थर साचलाय, ब्रिजमागे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यामागे, एक बारीक रेघ दिसतेय. आणि घरात खोबरेल तेल व गाडीच्या डॅशबोर्डचा स्प्रे आहे, त्यातलं काय लावू. दोन्ही लावू नका. मी दोन्ही लावून पाहिलंय, म्हणून खात्रीने सांगतोय.

माझं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत दिवसभर माग चालतात, त्यामुळे सुताचा बारीक भुगा खिडकीच्या गजापासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळीकडे बसतो. फ्रेटबोर्डला खोबरेल चोळलं तेव्हा दोन दिवस तो काळाभोर, सुरेख दिसला. आठवड्याने तारांखाली त्या भुग्याचा तेलकट लगदा झाला होता. डिसेंबरात पहाटेचा गारठा पडला तसं फ्रेटच्या, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारेच्या, कडेला तेल पांढरं थिजलं, बाटलीत थिजतं तसंच. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल याहून वाईट. ते खवट होतं, आणि लाकडात मुरलेला खवट वास लवकर जात नाही.

स्प्रेची गोष्ट जास्त गंभीर आहे. अशा बहुतेक स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं. चमक लगेच येते, पण ते बारीक भेगांतून लाकडात शिरलं की पुढे तिथे सरस नीट धरत नाही आणि नवं पॉलिश लावलं तर त्याला खड्डे पडतात. माझ्या गिटारचा ब्रिज उचकटला तेव्हा कारागिराने जागेवरून बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याला काय फवारलंय?" ती जागा त्याला दोनदा खरवडून काढावी लागली.

म्हणून आधी फक्त मळ काढा. बहुतेक वेळा मळ निघाला की खालची मूळची चमक तशीच असते आणि पॉलिशची गरजच उरत नाही.

कापड नीट निवडा. आपल्याकडे टॉवेलला तोटा नाही, पण टेरी टॉवेल इथे नको. त्याची लव सुटते आणि धाग्याच्या वेटोळ्यांत अडकलेला एखादा कण चरे पाडतो. शंभरदा धुतलेलं जुनं धोतर किंवा सुती बनियन घ्या, शिवणी कापून टाका. मायक्रोफायबर असेल तर उत्तमच. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. धूळ न झटकता पुसायला घेतलं तर तीच धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते.

आता तारा. चार वर्षांच्या तारा गंजलेल्या असणार, त्या बदलायच्याच आहेत. एकदम कापू नका, सहाही तारा थोड्या थोड्या करून सैल सोडा, मग काढा. सगळ्या तारा एकत्र काढल्या की मान वाकते अशी भीती घालतात. दोन-तीन तासांत काही होत नाही. तारा काढल्यावर साउंडहोलवर, म्हणजे मधल्या गोल भोकावर, पुठ्ठा लावून टाका.

फ्रेटबोर्डवरचा काळा थर म्हणजे घाम, बोटांचं तेल, मेलेली कातडी आणि धूळ. तो काढायला घाई करू नका. सुती कापडाचं टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की दाबलं तरी थेंब पडू नये. एका वेळी दोन फ्रेटमधलं एकच घर घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा. मधला भाग लवकर निघतो. खरा मळ फ्रेटच्या तारेला चिकटून, अगदी कडेला बसलेला असतो. तिथे जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा धरून हलक्या हाताने ओढायचं. मळाची काळी सुरळी वळून कार्डावर येते आणि तिच्याखाली शिसवीचा तपकिरी रंग दिसायला लागतो. मला पहिल्या पाच घरांना पाऊण तास लागला होता, कारण वरच्या बाजूच्या कॉर्ड्सच तेव्हा येत होत्या आणि सगळा घाम तिथेच जिरलेला. प्रत्येक घर पुसलं की लगेच कोरड्या कापडाने ओल टिपून घ्या.

फ्रेट काळवंडले असतील तर दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लावा आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने लांबीच्या दिशेने घासा. भांड्यांची घासणी चालणार नाही, ती फार खरखरीत असते.

मग तेल. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, बद्धकोष्ठावर देतात ते. ते खनिज तेल आहे, खवट होत नाही. गिटारसाठी म्हणून विकलं जाणारं बरंचसं 'लेमन ऑइल' मुळात हेच असतं, वर लिंबाचा वास. कापडावर पाच-सहा थेंब घेऊन अख्ख्या पट्टीवर फिरवा, दहा मिनिटं थांबा, उरलेलं सगळं पुसून काढा. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. फ्रेटबोर्ड फिकट पिवळसर, काचेसारखा गुळगुळीत असेल तर तो मेपलचा असणार. त्याच्यावर फिनिश, म्हणजे लाकूड झाकणारा पारदर्शक थर असतो, त्याला तेल लावायचं नाही.

बॉडीसाठी आधी फिनिश बघा. अंगात ट्यूबलाइटचं स्पष्ट प्रतिबिंब दिसलं तर ती ग्लॉस. नुसता धूसर उजेड दिसला तर मॅट, आणि मॅटला कुठलंही पॉलिश लावायचं नाही. चोळलं की तिथे चकचकीत चट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. ग्लॉसवरचे बोटांचे ठसे काढायला तोंडाची वाफ सोडून लगेच कोरड्या कापडाने पुसा, चष्म्याची काच पुसतो तसं. एवढ्याने नाही निघालं तरच किंचित ओलसर कापड. त्यानंतरही फिकट वाटली तर सिलिकॉन नसलेलं गिटार पॉलिश, तेही कापडावर घेऊन. थेट गिटारवर फवारू नका.

सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसण्याचा मोह टाळा. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात बसून मी लाखेचं पॉलिश होताना पाहिलंय. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसावर कापड गुंडाळून केलेला बोळा, त्यावर तेलाचं एक बोट, आणि तो बोळा तंबोऱ्यावर गोल गोल फिरत राहतो. थरावर थर बसत जातो. स्पिरिटने चढलेली ही लाख स्पिरिटनेच सुटते. काही क्लासिकल गिटारना हेच पॉलिश असतं, त्यांच्यावर सॅनिटायझरचा ओला हात पडला तरी डाग उठतो.

गिटारच्या पोटातल्या धुळीसाठी जुना उपाय म्हणजे मूठभर कोरडे तांदूळ आत टाकून हलवायचे आणि ओतून काढायचे. आमच्याकडे ज्वारी हाताशी होती, मी तीच वापरली. दाण्यांबरोबर लिंबाएवढा सुताचा गोळा बाहेर आला. आत पिकअपच्या, म्हणजे गिटार स्पीकरला जोडायच्या यंत्रणेच्या, वायरी असतील किंवा काही सुटं वाजत असेल तर मात्र हे करू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण सोलापुरात राहून गिटार ठेवायची तर कळायलाच हवं. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा पार कोरडी होते. लाकूड आक्रसतं, धातूचे फ्रेट तेवढेच राहतात, म्हणून पट्टीच्या कडेला त्यांची टोकं बोटाला खुपायला लागतात. पुढची पायरी म्हणजे भेग. गिटार केसमध्ये ठेवा, आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला स्पंज घालून तोही केसमध्ये ठेवा. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बघायचा. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नका, तिथे उलटं होतं, लाकूड फुगतं. कपाटावर, पत्र्याखाली, बंद गाडीत तर नकोच. तापलं की सरस नरमतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचलतो.

राहिली ब्रिजमागची रेघ. अंधारात गिटारच्या पोटात मोबाइलचा टॉर्च पेटवून वरून पाहा. उजेड झिरपला तर लाकूड आरपार फाटलंय, तिथे तेल, पॉलिश, पाणी काहीही लागू देऊ नका आणि नव्या तारा चढवण्याआधी कारागिराला दाखवा. उजेड दिसला नाही तर टॉर्च तिरका धरून त्या जागेचा जवळून एक फोटो काढा आणि इथेच टाका. रेघ लाकडाच्या रेषांबरोबर जाते की त्यांना आडवी, तेवढं त्यात दिसलं तर मी पुढचं सांगू शकेन.